खाकीतल्या शहिदांचे ऋण

गेल्या वर्षी २६ नोव्हेंबरला जोहरची नमाज आटोपून आम्ही घरातल्या मुलांना घेऊन सीएसएमटी स्थानकावर उतरलो. तिथून चालत गिरगाव चौपाटी गाठायची आणि २००८ सालच्या त्या रात्रीचा रस्ता मुलांना दाखवायचा, असा आमचा बेत होता. स्थानकाबाहेरचा पादचारी पूल दिसताच नववीतला पुतण्या म्हणाला, "चाचा, हाच ना तो कसाबचा पूल?"

पुलाचे खरे नाव हिमालय पूल. पण हल्लेखोर त्यावरून गेले म्हणून लोकांनी त्याला मारेकऱ्याच्या नावाने ओळखायला सुरुवात केली. २०१९ मध्ये तो कोसळला, नवा बांधला गेला, तरी ते नाव सुटले नाही. आम्ही पुतण्याला म्हटले, "मारणाऱ्याचे नाव तुला पाठ आहे. आता त्या रात्री शहीद झालेल्या पोलिसांची नावे सांग पाहू." तो गप्प राहिला. धाकटी मात्र पटकन म्हणाली, "करकरे साहेब!"

करकरे साहेबांचे नाव आमच्या घरांत मुलांनाही ठाऊक असते. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत १८ पोलीस व सुरक्षा जवान शहीद झाले. त्यांतल्या एकाचे नाव आम्ही जपले, बाकीची नावे आमच्या तोंडी का आली नाहीत? त्या दुपारी हा प्रश्न आमच्याबरोबर चालत राहिला. या लेखात त्याचाच हिशेब मांडायचा आहे, आणि हिशेब म्हटला की जमा आणि बाकी दोन्ही मांडावे लागतात.

त्या रात्रीचा रस्ता

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. समुद्रमार्गे आलेले दहा जण कुलाब्याच्या बाजूला किनाऱ्यावर उतरले आणि टोळ्या करून शहरात पसरले. त्यांपैकी दोघे सीएसएमटीत शिरले. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहणारे, गाठोडी-पेट्यांवर टेकलेले गोरगरीब प्रवासी त्यांच्या गोळ्यांना बळी पडले. एकट्या या स्थानकात पन्नासहून अधिक माणसे गेली. बकरी ईद जवळ आली होती आणि मरणाऱ्यांत मुसलमान प्रवासीही होते. गोळीने कुणाचा धर्म विचारला नाही.

स्थानकावरच्या पोलिसांकडे लाठ्या होत्या आणि काहींकडे जुन्या रायफली. समोर एके-४७. तरीही रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे पुढे सरसावले आणि तिथेच शहीद झाले. हल्लेखोर पूल ओलांडून कामा रुग्णालयात शिरले. ते स्त्रियांचे आणि बालकांचे रुग्णालय. आत बाळंतिणी होत्या, तान्ही बाळे होती. सदानंद दाते मोजक्या सहकाऱ्यांसह वर चढले आणि त्यांनी हल्लेखोरांना रोखून धरले. दाते जबर जखमी झाले. प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर हे दोघे तिथे शहीद झाले.

कामाच्या मदतीला निघालेल्या एका क्वालिस गाडीत सात पोलीस होते. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे, वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर आणि त्यांचे चार सहकारी. रुग्णालयालगतच्या गल्लीत झाडाआडून गोळ्यांचा वर्षाव झाला. सातांपैकी सहा जण गेले. बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटील ही नावे साहेबांच्या नावांमागे झाकली गेली, पण गोळ्या त्यांनीही तितक्याच झेलल्या. एकटे अरुण जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली जखमी अवस्थेत वाचले आणि पुढे त्यांनीच वायरलेसवरून खबर दिली.

आम्ही त्या गल्लीत थांबलो. भिंतीवरच्या पाटीवर रस्त्याचे नाव आहे बदरुद्दीन तय्यबजी मार्ग. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि राष्ट्रीय सभेचे १८८७ सालचे अध्यक्ष. कायद्याच्या राज्यावर ज्यांचा अढळ विश्वास होता, अशा एका मुसलमान न्यायमूर्तींच्या नावाच्या रस्त्यावर कायद्याचे रखवालदार पडले. मुलांना आम्ही एवढेच सांगितले. पुढे काही सांगायची गरज पडली नाही.

कब्रस्तानाचे बंद झालेले दार

हल्ला २९ नोव्हेंबरच्या सकाळी संपला. १६६ माणसे गेली होती. दहापैकी नऊ हल्लेखोर मारले गेले होते. त्यांची प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडली होती आणि ती दफन करायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाची व्यवस्था पाहणाऱ्या जुम्मा मशीद ट्रस्टने स्पष्ट नकार दिला. निरपराधांचे रक्त सांडणाऱ्यांना आमच्या मातीत जागा नाही, ही त्यांची भूमिका. शहरातल्या आणि देशातल्या अनेक मुस्लिम संस्थांनी तिला पाठिंबा दिला.

या नकाराचे वजन आपल्या वाचकांना सांगायला नको. मय्यतीची तजहीज आणि तदफीन ही आपल्याकडे फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतला कुणीतरी उठून ते काम करतो तेव्हाच साऱ्यांच्या मानेवरचे ओझे उतरते. बेवारस प्रेतालाही आपली माणसे कफन देतात, खांदा देतात. अशा समाजाने दोन गज जमीन नाकारली. कुणाला तो निर्णय कठोर वाटला असेल, पण हलका तो कुणालाच वाटला नाही. वर्षभराहून अधिक काळ ती प्रेते शवागारात राहिली. अखेर जानेवारी २०१० मध्ये सरकारने त्यांचे गुपचूप दफन केले आणि काही महिन्यांनी विधिमंडळात तसे सांगितले.

त्या साली ९ डिसेंबरला बकरी ईद आली. हल्ल्याला जेमतेम तेरा दिवस झाले होते. ईदगाहांत आणि मशिदींत नमाजी दंडाला काळ्या फिती लावून आले. नवे कपडे, गोडधोड, भेटीगाठी यांना अनेक घरांनी हात आखडता घेतला. ज्या दिवशी एकमेकांना मिठी मारून मुबारकबाद द्यायची, त्या दिवशी खुतब्यात शहिदांची नावे घेतली गेली.

तेव्हाच आमच्यात एक कुजबुजही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. 'आम्हीच का फिती बांधायच्या? आमच्या देशप्रेमाचा दाखला दर वेळी का मागितला जातो?' हा सवाल चुकीचा नव्हता. दाखला मागणाऱ्यांची संख्या तेव्हा कमी नव्हती, आजही नाही. पण दाखला म्हणून केलेला शोक हा शोक नसतो. मय्यतीच्या घरी आपण जातो ते शेजाऱ्यांनी पाहावे म्हणून नव्हे. त्या ईदला ज्यांचे डोळे खरोखर भरून आले, त्यांनी ते कुणाला दाखवण्यासाठी भरले नव्हते. दाखल्याचा हट्ट आणि मनातले दुःख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. पहिला नाकारावा. दुसरे नाकारले तर आपलेच नुकसान होते.

करकरे आमचे का झाले?

करकरे यांच्यासाठी आमच्या वस्त्यांत जो शोक झाला, त्याची मुळे मालेगावात आहेत.

८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा दिवस. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर मालेगावच्या बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. मेले मुसलमान आणि पकडलेही गेले मुसलमान तरुण. त्यांतून सुटायला त्यांना २०१६ साल उजाडावे लागले. मग २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला. सहा जण गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. यावेळी मात्र करकरे यांच्या नेतृत्वाखालील पथकाचा तपास वेगळ्या दिशेला गेला आणि त्यांनी जे आरोपी पकडले ते मुसलमान नव्हते.

त्या काळात करकरे यांच्यावर काय टीका झाली, हे वयाने मोठ्या वाचकांच्या स्मरणात असेल. आमच्या घरांत मात्र बऱ्याच वर्षांनी कुणी म्हणाले, 'हा अधिकारी नाव पाहून तपास करीत नाही.' ज्या समाजाने १९९२-९३ च्या दंगलींत नऊशे मृतांत आपली पाचशेहून अधिक माणसे गमावली, पोलिसांच्या पक्षपातावर श्रीकृष्ण आयोगाने ठेवलेला ठपका वाचला आणि त्या अहवालावर पुढे फारसे काही झाले नाही हेही पाहिले, त्या समाजाला एका खाकी वर्दीवर विश्वास ठेवावासा वाटला, ही लहान गोष्ट नव्हती. तो विश्वास जेमतेम दोन महिने टिकला असेल, तोच २६ नोव्हेंबरची रात्र आली. मालेगावात आणि मुंबईत माणसे घरातला कर्ता गेल्यासारखी रडली, ती यामुळे.

३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव खटल्यातील सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. भिक्खू चौकातल्या घरांना या निकालाने काय वाटले असेल, ते सांगायला शब्द कमी पडतात. त्यांच्यासाठी इन्साफचा दरवाजा वरच्या न्यायालयात ठोठावला जाईल आणि तो ठोठावलाही पाहिजे. पण या निकालानंतर काहीजण विचारतात, आता करकरे यांना काय म्हणायचे?

आमचे उत्तर साधे आहे. तपासाचा निवाडा न्यायालये करतात, वरची आणि खालची. करकरे शहीद झाले ते कोणत्याही खटल्यातील निकालामुळे नव्हे. शहर जळत असताना ते गाडीत बसून गोळीबाराच्या दिशेने निघाले आणि परतले नाहीत. ते ऋण कोणत्याही निकालाने वाढत नाही किंवा कमी होत नाही.

एक गोष्ट आमच्या माणसांनाही सांगायला हवी. करकरे यांच्या मृत्यूभोवती शंकाकुशंकांचे जाळे अनेक वर्षे विणले गेले आणि आमच्या चहाच्या टेबलांवर ते फार आवडीने विणले गेले. त्या गल्लीतल्या हत्यांसह साऱ्या आरोपांवर खालच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कसाबची शिक्षा कायम केली. त्याच गल्लीत कामटे आणि साळसकर पडले, भोसले आणि दोन्ही पाटील पडले. आम्ही गूढाच्या मागे इतके लागलो की, माणसांची नावे विसरून गेलो. पुतण्याला नाव सांगता आले नाही, त्यात त्याचा काय दोष?

आमच्या खात्यातली बाकी

आता हिशेबाची दुसरी बाजू. ती लिहिताना हात जड होतो, पण सूरह निसामध्ये इन्साफसाठी स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध आणि नातलगांविरुद्धही साक्ष द्यावी लागली तरी द्या, असा हुकूम आहे. तो फक्त इतरांना ऐकवण्यासाठी नाही.

जुलै २००६, भिवंडी. कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. आमच्या लोकांची तक्रार खरी होती, जमिनीचा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोघे मरण पावले. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना गाठून ठार केले आणि त्यांचे देह जाळले.

चार घरांत मय्यत झाली. गोळीबारात गेलेल्या दोघांसाठी आम्ही दुआ केली, निषेध केला, चौकशी मागितली. ते रास्तच होते. पण त्या दोन शिपायांच्या घरी किती जण गेले? ते करकरे नव्हते. त्यांनी आमच्यासाठी काही विशेष केले नव्हते. रात्रीची ड्युटी करणारे साधे शिपाई होते, बायकापोरांचे पोट भरायला वर्दी घातलेले. कब्रस्तानाच्या जमिनीसाठी उठलेल्या लोकांनी दोन माणसांना अंत्यसंस्काराला धड देहही उरू दिला नाही. सूरह मायदाचा आशय आम्ही प्रत्येक सभेत सांगतो की, एका निरपराधाचा खून म्हणजे साऱ्या मानवजातीचा खून. मग तो आशय भिवंडीच्या त्या रात्रीला लागू करायला आमची जीभ का अडखळते?

याच भिवंडीने एकदा वेगळा रस्ताही दाखवला होता. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान रहिवासी आणि स्थानिक पोलीस एका सतरंजीवर बसू लागले. नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सारे तिथे बोलले जाई. बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबई पेटली, पण शेजारची भिवंडी शांत राहिली. खाकीची आणि मोहल्ल्याची ओळख असली तर काय होते आणि ओळख तुटली तर काय होते, या दोन्ही गोष्टी एकाच गावात पाहायला मिळतात.

दुसरा प्रसंग ११ ऑगस्ट २०१२ चा. म्यानमार आणि आसाममधील मुसलमानांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ आझाद मैदानात सभा भरली. रमजानचा महिना, रोजे चालू. सभेतून बाहेर पडलेल्या जमावाने गाड्या जाळल्या, पोलिसांवर हल्ले केले, महिला पोलिसांचा विनयभंग केला आणि अमर जवान स्मारकावर लाथा घातल्या. ते स्मारक १८५७ मध्ये याच मैदानात तोफेच्या तोंडी दिल्या गेलेल्या दोन शिपायांच्या आठवणीसाठी उभारले होते. त्यांतल्या एकाचे नाव सय्यद हुसेन, दुसऱ्याचे मंगल. लाथ घालणाऱ्याला कुणाच्या खुणेवर पाय पडतोय, हे ठाऊकही नसावे.

इतिहासाचे हे अज्ञान आमच्या घरांतून गेलेले आहे, म्हणून त्याचा उपायही घरातूनच सुरू करावा लागेल.

दीन काय सांगतो?

चालता चालता धाकटीने विचारले, "आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो? ते तर मुसलमान नव्हते."

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो आणि अनेकजण तिथेच अडतात. मगफिरतीच्या दुआचा मसला उलमांनी सांगावा, तो आमचा अधिकार नाही. पण आदर, कृतज्ञता आणि ताजियत या तीन गोष्टींची वाट मोकळी आहे आणि ती प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दाखवली आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत एक प्रसंग आहे. कादिसिया येथे सहल बिन हुनैफ आणि कैस बिन सअद हे दोन सहाबी बसले असताना समोरून एक जनाजा गेला. दोघेही उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणाले, हा तर इथल्या बिगरमुस्लिम रहिवाशाचा आहे. तेव्हा त्यांनी सांगितले की, खुद्द प्रेषित (स.) एका यहुद्याच्या जनाजासाठी उभे राहिले होते, आणि लोकांनी हटकले तेव्हा त्यांनी उलट विचारले होते की, तो एक जीव नव्हता का? जीवाचा सन्मान हा पहिला धडा.

दुसरा धडा कृतज्ञतेचा. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची हदीस आपण लहान मुलांना शिकवतो. मग ज्याने आपला जीव देऊन आपला जीव वाचवला, त्याचे आभार कुठल्या रांगेत बसतात?

तिसरा धडा सुतकातल्या घराचा. मुअताच्या लढाईत हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) शहीद झाले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरी जेवण पाठवायला सांगितले, कारण त्या घरावर असा प्रसंग ओढवला होता की त्यांना चूल पेटवण्याची शुद्ध नव्हती. आजही मय्यतीच्या घरी शेजारी डबे पाठवतात, ती रीत इथून आली. हा डबा फक्त आपल्या मोहल्ल्यातच फिरला पाहिजे, असे कुठे लिहिले आहे? तालुक्याच्या गावात पोलीस लाइन आपल्या मशिदीपासून किती दूर असते?

वर्षातून एक दिवस

देशभर २१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले होते. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी पोलीस मैदानांवर शस्त्रे उलटी धरून मानवंदना दिली जाते आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात. मुंबईत हा कार्यक्रम नायगावच्या पोलीस मैदानावर होतो. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक झाले. स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या ३४ हजारांहून अधिक पोलिसांची नावे तिथल्या दगडी भिंतीवर कोरलेली आहेत.

त्या यादीत आमची माणसेही आहेत. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशीच, गडचिरोलीतील जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाने १५ पोलीस जवान उडवले. त्यांत बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा एक शेख आडनावाचा तरुण जवान होता. २०१७ साली श्रीनगरच्या जामा मशिदीबाहेर, शब-ए-कद्रच्या रात्री, ड्युटीवर असलेले पोलीस उपअधीक्षक मोहम्मद अयूब पंडित यांना जमावाने ठेचून मारले. नमाजींच्या रक्षणासाठी उभा असलेला मुसलमान अधिकारी, मारणारेही मुसलमान. खाकीतल्या माणसाचे मरण आपले-परके असे वाटून घ्यायचे ठरवले, तर या मरणाचे काय करणार?

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात सुलतानपूर नावाचे गाव होते. राज्य राखीव दलाचा जवान राहुल शिंदे तिथला. ताज हॉटेलात सर्वप्रथम शिरणाऱ्यांत तो होता आणि तिथेच शहीद झाला. गावकऱ्यांनी आपल्या गावाला राहुलनगर हे नाव दिले. गावांची नावे बदलण्याच्या बातम्या वाचून अलीकडे आमच्या मनात शंका येते. पण इथे नाव बदलले ते कुणाच्या द्वेषाने नव्हे, आपल्या लेकराच्या मायेने. एका गावाने शोक कसा करावा, याचा हा नमुना आहे.

आमच्या घरांनी काय करावे? मोठे समारंभ नकोत, फलकांवर पुढाऱ्यांचे फोटो तर नकोतच. २१ ऑक्टोबर आणि २६ नोव्हेंबर हे दोन दिवस घरातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. मुलांना बसवून त्या नावांची ओळख करून द्यावी. आपल्या तालुक्यातला, जिल्ह्यातला शहीद कोण, हे शोधावे आणि शक्य असेल तर त्याच्या आईला, पत्नीला भेटून यावे. मशिदीच्या इमाम साहेबांना विनंती करावी की, त्या आठवड्यातल्या जुम्म्याच्या बयानात पाच मिनिटे या विषयाला द्यावीत.

आणखी एक गोष्ट. सन्मान म्हणजे केवळ हार नव्हे. कविता करकरे यांनी पतीच्या बुलेटप्रूफ जॅकेटविषयी प्रश्न विचारले आणि पुढची अनेक वर्षे त्या विचारत राहिल्या. २०१४ मध्ये त्या गेल्या तेव्हा मुलांनी त्यांचे अवयव दान केले. गेलेल्यानंतरही देत राहणारे ते घर. शिपायाला बरे हत्यार, बरे जॅकेट, राहायला गळके नसलेले घर आणि झोपेपुरती रजा मिळते की नाही, हे विचारणे हाही शहिदांचा सन्मानच आहे. तसेच पोलिसांकडून अन्याय झाला तर त्याचा जाब कायद्याने विचारणे, हाही. करकरे यांना मानणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलल्या पाहिजेत.

चौपाटीवर

गिरगाव चौपाटीला पोहोचेपर्यंत सूर्य खाली आला होता. रस्त्याकडेला तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे हे त्यांचे गाव. आधी लष्करात नोकरी, मग मुंबई पोलिसांत. डी. बी. मार्ग ठाण्याचे सहायक फौजदार. त्या मध्यरात्रीनंतर हल्लेखोरांची पळवलेली स्कोडा गाडी नाकाबंदीपाशी अडली. एक हल्लेखोर गोळीबारात मारला गेला. दुसरा बंदूक रोखू लागताच ओंबळे यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि साऱ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणूनच कसाब जिवंत हाती लागला, म्हणूनच कट कुठे शिजला ते जगासमोर आले, म्हणूनच त्याच्यावर भर न्यायालयात खटला चालला. २६ जानेवारी २००९ रोजी करकरे, कामटे आणि साळसकर यांच्याबरोबर ओंबळे यांनाही मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

कसाब जिवंत सापडला नसता, तर त्या हल्ल्याचा संशय कुणाच्या दारात येऊन बसला असता, याचा विचार आमच्या वाचकांनी शांतपणे करावा. आमच्या किती मुलांच्या मागे तो लागला असता? ओंबळे यांनी गोळ्या झेलताना हा हिशेब केला नव्हता. पण आम्ही तो केला पाहिजे.

"त्यांच्याकडे बंदूक नव्हती?" पुतण्याने विचारले.

"काठी होती."

तो बराच वेळ पुतळ्याकडे बघत उभा राहिला. मग खिशातून कागद काढून त्याने वाटेत आम्ही सांगितलेली नावे लिहायला घेतली. एक-दोन चुकली, धाकटीने दुरुस्त केली. जवळच्या मशिदीत मगरिबची नमाज पढून आम्ही परतीची गाडी धरायला निघालो, तेव्हा त्याने पुन्हा विचारले, "चाचा, आता त्या पुलाला काय म्हणायचे?"

"हिमालय पूल," आम्ही म्हटले. "त्याचे नाव तेच आहे."